छपरावर डिश, नाक डोंगराकडे

कोलशेतपासून मोहन्यापर्यंत मी इतक्या डिश बसवल्यात, की उपग्रहाने वरून खाली पाहिलं तर त्याला हा सगळा पट्टा गोवर उठल्यासारखा दिसत असणार. आकडा विचारू नका. मी सांगेन तो तुम्हाला खोटा वाटेल, आणि तो असेलही. पण उपग्रह मला ओळखतो एवढं नक्की. मी गच्चीवर चढलो की तो जरा सावरून बसतो.

ज्यांना या धंद्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जवळपास सगळ्यांसाठीच, एकदा सांगून टाकतो. उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून आपल्याला तो आभाळात एका जागी खिळ्याला टांगल्यासारखा असतो. ठाणे-कल्याणातून तो आग्नेयेला, चांगला उंचावर. डिशने त्याच्याकडे बघायचं. बस, एवढंच. पण डिशची मान बोटभर वळली की चित्राचे चौकोन होतात, आणि दोन बोटं वळली की पडदा निळा. हे लहान पोराला कळतं. गिऱ्हाइकाला कळत नाही.

कल्याणला एका निवृत्त हेडमास्तरांना डिश उत्तरेकडेच तोंड करून हवी होती, कारण त्यांच्या वास्तूवाल्याने तसं सांगितलेलं. मी म्हटलं, "सर, उत्तरेला उपग्रह नाही." ते म्हणाले, "तुम्ही लावा तर खरं, नंतर बघू." जणू उपग्रह त्यांच्या वर्गातला उनाड मुलगा, बाक बदलून बसेल. डोंबिवलीत एका बाईंनी मी बसवलेली डिश खोलून, गच्चीवर आडवी टाकून तिच्यात सांडगे वाळत घातलेले, आणि वर मलाच फोन, "काका, दोन दिवस झाले टीव्ही दिसत नाही." गेलो, बघितलं, एक सांडगा तोंडात टाकला आणि परत आलो. मीठ जास्त होतं.

आणि वेल्डिंग! आमच्या ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला हलणारी वस्तू दिसली की आधी वेल्डर आठवतो. खिडकीला ग्रिल, ग्रिलला कुंड्यांचा स्टँड, स्टँडला सायकल. सगळं एकमेकांना चिकटवल्याशिवाय यांना झोप लागत नाही. डिशचा अँगल ग्रिलला वेल्ड करून घेतलेले आणि मग "जरा डावीकडे वळवा ना" म्हणणारे महाभाग मी शेकड्याने पाहिलेत.

आता तर काय, सगळे मोबाईलवर बघतात. पाच इंचांच्या काचेत अख्खं क्रिकेटचं मैदान. बॉल दिसत नाही, पण "मस्त दिसतंय" म्हणतात. माझं काम आटलं. अशा पडत्या काळात कोलशेतच्या दादूसचा फोन आला.

दादूस म्हणजे मोरेश्वर. पण त्याच्या नावाने त्याला त्याची बायकोही हाक मारत नाही. घराणं तिथलंच, जुनं. आजोबा-पणजोबांची भातशेती आणि खाडीकाठचं मिठागर. आता त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत आणि दादूसच्या अंगणात गाड्या. त्या अंगणात एक नवीन प्राणी येऊन उभा राहिलेला. दुरून बस, जवळून बंगला. आत सोफा, पलंग, फ्रीज, मोरी, आणि भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही. घरात नऊ खोल्या, आणि हे आता चाकांवरच्या दहाव्या खोलीत राहायला जाणार!

"काका, याला डिश लावाची. जिथं जाऊ तिथं टीव्ही दिसला पायजे," दादूस म्हणाला.

मी त्याला समजावलं. गाडी उभी राहिली की बटण दाबायचं आणि स्वतःच उपग्रह हुडकणारी डिश परदेशात मिळते. मागवली तर यायला तीन महिने. तेवढा धीर दादूसकडे नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही मोठेपणा हवा होता. मी म्हणालो, "बटण कशाला? मी आहे ना! चंद्रावर गाडी लावलीत तरी चित्र दाखवीन."

चंद्रावर काय दादूस जाणार नव्हता, म्हणून बोललो.

मग मी माझी करामत केली. छपरात पाइप बसवला, वर डिश, आणि पाइप आतून हाताने फिरवता येईल अशी सोय. खिटी ओढली की डिश छपरावर आडवी निजते, प्रवासाला. गाडी थांबली की खिटी सोडायची, होकायंत्र बघायचं, पाइप हळूहळू फिरवायचा आणि टीव्हीवरच्या सिग्नलच्या पट्ट्या हिरव्या झाल्या की चिमटा आवळायचा. पोरखेळ. अंगणात गाडीचं नाक उत्तरेला, खाडीकडे होतं. तिथे लावून दाखवलं. चित्र असं लख्ख, की निवेदिकेच्या कपाळावरचा घाम मोजून घ्यावा.

तेव्हा ओट्यावर बसलेले दादूसचे वडील उठून आले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. ऐंशी पार केलेले, मिठागरात उन्हाने भाजून निघालेले, अंगावर मांस म्हणून नाही, नुसता ताठा. डोळ्यांना काचबिंदू. उरलेली नजर किती दिवस टिकेल ते डॉक्टरही सांगत नव्हते. ते पडद्याला नाक लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, "यवऱ्या मोठ्यावर मना दिसतं. मोबाईलवर नाय दिसत."

भानगड अशी होती. दादूसची मुलगी मयुरी, म्हणजे आप्पांची नात, कबड्डी खेळते. राज्याच्या संघात निवडली गेलेली. तिकडे लांब कुठेतरी मोठी स्पर्धा, आणि तिचा संघ अंतिम फेरीत. सामना रविवारी चार वाजता, थेट टीव्हीवर. पोर पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार. आप्पा तरुणपणी मिठागराच्या बांधावर हुतुतू खेळलेले, घरात तिला खेळू द्या म्हणणारे ते एकटेच. आणि त्याच रविवारी दादूसने नवी गाडी कार्ल्याला, एकवीरा आईच्या पायाशी न्यायचं ठरवलेलं. चैत्रातली गर्दी. घरची चौदा माणसं. पुढच्या रविवारी नेली असती तर देवी काही उठून गेली नसती. पण शेजाऱ्याची नवी गाडी त्याच रविवारी चाललेली, मग दादूसची कशी थांबणार?

"नव्या गारीत पयला मान तुमचा, आप्पा. तुमी नाय तर गारी नाय," दादूस म्हणाला.

"चार वाजता मना पोरीचा खेल दिसला पायजे," आप्पा म्हणाले. "नायतर मी येत नाय. देवीला सांगा, म्हातारा घरी हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छाती पुढे काढली. "आप्पा, चार म्हणजे चार. माझी जबाबदारी."

आप्पांनी माझा हात धरला. मिठाने कमावलेला तो हात सोडवून घ्यायला मला चांगला वेळ लागला.

रविवारी मला शीळफाट्यावरून गाडीत घेणार होते. प्रसादाचं आमंत्रण म्हणे. मला काय कळत नव्हतं? प्रसादाला नाही, पाइप फिरवायला नेत होते. मी रस्त्याकडेला उभा, आणि लांबून गाडी येताना दिसली. छपरावर डिश ताठ उभी! कोंबड्याच्या तुऱ्यासारखी!

आत शिरल्या शिरल्या ओरडलो, "अरे, डिश आडवी का नाही केली?"

दादूस खुशीत. "काका, टेन्शन नका घेऊ. तुकारामनी काल वेल्डिंग मारली. चारी बाजूनी. आता वादल आला तरी हलाची नाय."

तुकाराम वेल्डर मोहन्याचा, दादूसचा दोस्त. तोही सहलीला आलेला, सोफ्यावर मांडी घालून वडे खात. त्याने मला अभिमानाने सांगितलं, "पाइप फिरत होता काका, लूज होता. मी पाइपपण मारून टाकला."

पाइप लूज होता! अरे, बाबा, तो फिरण्यासाठीच होता! हे म्हणजे दाराच्या बिजागऱ्या खिळखिळ्या वाटल्या म्हणून दार चौकटीला वेल्ड करणं. मी खिटी ओढून बघितली, पाइपाला लटकून बघितलं. तुकारामचं काम वाईट असतं तर बरं झालं असतं. पण तो माणूस अव्वल होता. जग बुडालं तरी तो जोड वर तरंगत राहील.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. डिश आता गाडीला चिकटलेली. कोलशेतच्या अंगणात गाडीचं नाक जिकडे होतं, बरोबर तिकडेच नाक करून गाडी उभी राहिली तर चित्र. नाहीतर नाही. डिश फिरवायची म्हणजे आता अख्खी बस फिरवायची.

मी आप्पांकडे बघितलं. ते पुढच्या सीटवर, नातीच्या संघाच्या रंगाचा रुमाल गळ्यात बांधून. "चारला ना?" त्यांनी विचारलं.

"चारला, आप्पा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

कार्ल्याच्या पायथ्याला एका शेतात पार्किंग केलेलं. टेम्पो, बस, ट्रॅक्स, बँडची गाडी, सगळ्या एकमेकींना चिकटून. तिथल्या शिट्टीवाल्या पोरांनी आमची गाडी उलटी घ्यायला लावली, म्हणजे संध्याकाळी निघताना सोपं. नाक बाहेर रस्त्याकडे, दक्षिणेला. पाठ डोंगराला. अंगणाच्या बरोबर उलटं! तीनशे साठ दिशांतून नेमकी तीच. समोर दोन टेम्पो, बाजूला बस. वाजलेले सव्वातीन.

मोबाईल म्हणाल, तर एवढ्या माणसांत नेटवर्क कधीच गुदमरून मेलेलं. माझी डिश किती गरजेची असते ते त्या दिवशी कळलं असतं लोकांना, जर ती माझी राहिली असती.

मी दादूसला म्हटलं, "गाडी वळवायला हवी."

दादूस शिट्टीवाल्याकडे गेला. शिट्टीवाला म्हणाला, "टीव्ही बघायला गाडी वळवायची? देवीला आलात का टीव्हीला?" बाजूचे चार जण हसले. टेम्पोवाले तर गाडीखाली चटई टाकून झोपलेले. साडेतीन झाले. आत आप्पा रिकाम्या निळ्या पडद्यासमोर जाऊन बसलेले, सामना सुरू व्हायच्या आधीच.

मग मी जे केलं ते देवीने ऐकलं असेल तर तिने माफ करावं. मी गाडीसमोर उभा राहिलो आणि खड्या आवाजात, सगळ्या शेताला ऐकू जाईल असं दादूसला झापलं. "दादूस, नवी गाडी पहिल्या खेपेला आणलीस आणि देवीकडे पाठ करून उभी केलीस? तुझ्या आजाने कधी असं केलेलं का?"

दादूस गोंधळला. "गारी होतीच कुटं आज्याकरं?"

"बैलगाडी होती ना! बैलांचं तोंड कुणीकडे असायचं?"

असा काही नियम नाही. मी तो तिथेच, उभ्या उभ्या तयार केला. पण शेतातल्या सगळ्या माना डोंगराकडे वळल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "खरा बोलतंय तो." बस! चटईवरचे टेम्पोवाले उठले. शिट्टीवाल्याने शिट्टी खिशात टाकली. पन्नास माणसं धावली. टेम्पो मागे, बस पुढे, "येऊ दे, येऊ दे, बस्स!" दहा मिनिटांत आमची गाडी एकवीरा आईच्या डोंगराकडे, म्हणजे उत्तरेकडे, म्हणजे कोलशेतच्या अंगणात होती तशी नाक करून उभी.

आणि मग बाकीच्यांना घाम फुटला. त्यांच्याही गाड्यांची पाठ देवीकडे! एकेक करून सगळ्यांनी वळवायला घेतल्या. धूळ अशी उडाली की पालखी आली समजून वरच्या पायऱ्यांवरून लोक गुलाल उधळायला लागले. मी ऐकलंय की त्या शेतात आता गाड्या तशाच लावतात, आणि कोणी विचारलं तर सांगतात, पूर्वापार चालत आलंय.

एवढं करून चित्र आलं का? नाही. पट्टी अर्ध्यावर थरथरत उभी. जमीन सपाट नव्हती. गाडी उजवीकडे कलंडलेली, म्हणून डिशही कलंडलेली. चाकाखाली दगड घातले, जॅक लावला. थोडं कमीच पडत होतं. पावणेचार. मग मी सगळ्यांना गाडीत कोंबलं. दादूस, त्याची बायको, भाऊ, भावजया, पोरंबाळं, घरचे चौदा, अधिक तुकाराम आणि मी. "सगळे डाव्या बाजूला बसा! एकमेकांच्या मांडीवर बसा! दादूस, तू खिडकीला चिकट, तू एकटा दोन माणसांचा आहेस!"

गाडी कुरकुरली, डावीकडे झुकली आणि पट्टी हिरवी झाली. पडद्यावर मैदान. पोरी पायाला माती लावत होत्या.

तुकाराम वडा घ्यायला उठला. पडद्याचे चौकोन झाले.

"खाली बस!" आप्पा गरजले. तो बसला. चित्र परत आलं.

त्या चाळीस मिनिटांत त्या घरातलं एक माणूस हललं नाही. आप्पा सोडले तर त्यातल्या एकानेही आजवर पोरीचा एक सामना बघितलेला नव्हता. दादूसला जमिनींचे व्यवहार, त्याच्या भावाला कामं, बायकांना लग्नं-हळदी. आता तुकारामच्या वेल्डिंगने सगळ्यांना जागच्या जागी बसवलेलं.

थोड्या वेळाने आप्पांनी विचारलं, "आपली कंची?"

सगळ्या पोरींचे केस घट्ट बांधलेले, सगळ्यांचे कपडे एकसारखे. दादूस म्हणाला, "ती काय... नंबर चारवाली." त्याची बायको म्हणाली, "चार नाय हो, ती काळी हाय. आठ असंल." दादूसचा भाऊ म्हणाला सहा. बापाला, आईला, चुलत्याला, कोणालाही पोरीच्या पाठीवरचा आकडा ठाऊक नव्हता. गाडीवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, पण पडद्यावर ती ओळखू येईना.

आप्पा सरकून पुढे गेले. मी ओरडणार होतो, पण चित्र टिकलं. त्या माणसाला वजनच नव्हतं. ते पडद्यापासून वीतभर अंतरावर डोळे बारीक करून बघत राहिले. एक पोर मधल्या रेषेवर आली, चढाईला.

"ही," आप्पा म्हणाले. "ही आपली. डावा पाय म्होरं टाकून उबी रातं. बांदावर उबं रावं तशी."

आणि निवेदकाने नाव घेतलं. मयुरीचंच.

सामन्याची शेवटची चढाईही तिचीच होती. तिचा संघ एका गुणाने मागे. ती आत गेली, डावा पाय टाकला, कोपऱ्यातल्या पोरीने तोच पाय धरला, आणि पाच जणी तिच्यावर. मयुरीचा हात रेषेकडे ताणलेला, चार बोटं कमी. संपलं.

हळूहळू सगळे सोफ्यावरून उठले आणि टीव्ही निळा झाला. दादूसची बायको डोळे पुसत म्हणाली, "चांगली खेलली ना, आप्पा?" आप्पांनी गळ्यातला रुमाल सोडला आणि घडी घालून खिशात ठेवला. वर देवीला गेलो. खाली येईपर्यंत आप्पा सोडून सगळेच एकमेकांना सांगत होते, "मी पहिलीच ओळखलेली, पण बोललो नाय."

पुढच्या आठवड्यात मी ग्राइंडर घेऊन कोलशेतला गेलो, तुकारामचं शिल्प कापायला. छपरावर चढलो. खाली अंगणात मयुरी परत आलेली. गुडघ्याला पट्टी. चुलत्याने हार घातलेले, दादूसने बॅनर लावलेला. बॅनरवर तिच्या फोटोपेक्षा दादूसचा फोटो मोठा. हे काय सांगायला हवं?

ती ओट्यावर आप्पांच्या पायाशी बसली. म्हणाली, "आप्पा, बघितलात ना?"

"बगितला," आप्पा म्हणाले. "डावा पाय म्होरं टाकतंस. मना आंधल्याला तो दिसला. कोपऱ्यातल्या पोरीला दिसनार नाय?"

पोरीने आधी मान खाली घातली. मग फणकाऱ्याने उठली आणि अंगणात काठीने रेषा ओढली. आप्पा उठून तिच्यासमोर उभे राहिले, पकडायला वाकल्यासारखे. ती चढाईला आली. आप्पांनी डोळे ताणले आणि मान हलवली. वर माझ्याकडे तोंड करून ओरडले, "काका, ती मशीन बंद करा! मना इथून नाय दिसत. तुमी वरून सांगा, कंचा पाय म्होरं हाय?"

मयुरीने आप्पांच्या पाठीमागून माझ्यापुढे हात जोडले आणि ओठांनी म्हणाली, उजवा सांगा ना, काका, उजवा.

मी ग्राइंडर बाजूला ठेवला.

"डावाच, आप्पा."

"पुन्ना," आप्पा म्हणाले.